भिंतीवरून उतरलेली करवत

सोमवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यावर एक जुने झाड मुळासकट उन्मळून आडवे पडले. पडताना कोणी पाहिले नाही. आवाज मात्र पलीकडच्या राखणझोपडीत ऐकू गेला. झाड लाकडी पुलाच्या वरच्या अंगाला, पुलापासून थोड्याच अंतरावर पडले. पुलाला धक्का लागला नाही. कोणाला इजा झाली नाही.

ही बातमी आली तेव्हा मी उद्यानाच्या माहिती केंद्रात भिंतीवर होते. मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. उंच माणसाहून लांब, दोन टोकांना दोन लाकडी मुठी आणि मधे दातांची लांबच लांब रांग. एकट्या माणसाला मी चालत नाही. मला चालवायला समोरासमोर दोघे लागतात, आणि त्या दोघांचे जमावे लागते. भिंतीवर अर्थातच मी काहीच कापत नव्हते. माझ्या पात्यावर एक चित्र होते: निळा डोंगर, पिवळी पायवाट, लाल छपराची झोपडी आणि एक हरीण. हरणाची मान जरा जास्तच लांब झाली होती. सहलीला आलेली मुले माझ्यासमोर उभी राहून त्याला जिराफ म्हणत.

करवतीच्या अंगावर हरीण कसे आले, हे आधी सांगायला हवे. झाड पडलेले आहे, ते कुठे जात नाही.

मी पोलादाच्या पत्र्यातून घडले. दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ, म्हणजे कापलेल्या फटीत पाते धरले जात नाही. माझे सगळे दात सारखे नाहीत. काही लाकूड कापतात, त्यांच्यामधले काही नुसता भुसा बाहेर ओढतात. पहिली नोकरी लाकडाच्या वखारीत झाली. तिथे मी उभी झाडे पाडली. कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही. पुढे वखारीत यंत्र आले, मग वखारच गेली, आणि मालकाने जाता जाता मला वाटमंडळाला देऊन टाकले. तेव्हापासून माझे काम उलटे झाले. पडलेली झाडे वाटेतून बाजूला करायची. हे काम मला जास्त आवडले, कारण संपल्यावर लोक त्यावरून चालत जात.

वाटमंडळ म्हणजे काय, तेही सांगते. राष्ट्रीय उद्यान सरकारचे असते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. ते खरे आहे. पण उद्यान मोठे आणि सरकारचे हात मोजके. आमच्या उद्यानात एक अधीक्षक आहेत, थोडे वनरक्षक आहेत, आणि ते सगळे मिळूनही प्रत्येक वाटेवर पोचू शकत नाहीत. म्हणून गावातली माणसे येतात. वाटमंडळ पायवाटा मोकळ्या ठेवते. राखणगट घरट्यांवर पहारा देतो. आणि शहरातली निधीसंस्था देणग्या गोळा करून हत्यारे, दोर आणि माहिती केंद्राचे छप्पर पुरवते. यातल्या कोणालाही पगार नाही. भांडणे मात्र पगारी माणसांइतकीच होतात.

मंडळात मला धार लावायचे काम धारमावशींचे होते. त्यांचे खरे नाव आहे, पण ते फक्त बँकेत वापरतात. बाजारपेठेच्या बोळात त्यांचा अरुंद गाळा आहे. एका खिळ्याला शिंप्यांच्या कात्र्या, दुसऱ्याला न्हाव्यांचे वस्तरे, तिसऱ्याला खाटकाचे सुरे. त्यांच्या कानशीखाली सगळे सारखे. डोक्याला कायम लाल रुमाल. लोक म्हणत, मावशींच्या गाळ्यात धार विकत मिळते आणि बोलणे फुकट. त्या माझा एकेक दात कानशीने घासत, मग डोळ्याला भिंग लावून पाहत आणि पुन्हा घासत. नीट धार लागलेली करवत पिठासारखा भुसा पाडत नाही. दोऱ्यासारखा लांब पाडते. मावशी तो दोरा बोटावर गुंडाळून नव्या माणसांना दाखवत.

माझ्या एका मुठीवर मावशी असत, दुसऱ्या मुठीवर भाऊ. भाऊ निवृत्त पोस्टमन. वर्षानुवर्षे चालून त्यांची पावले घड्याळासारखी पडत, आणि तोच ठेका हातात उतरला होता. रविवारी ते चित्रे काढत. त्यांच्या थैलीत सगळ्यांची पत्रे असत, फक्त ‘नाही’ हा शब्द नसे. मावशींच्या जिभेवर तो पहिला असे. म्हणूनच बहुधा दोघांचे जमले.

मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवत: ओढायचे आणि सोडायचे. ढकलायचे नाही. आपली पाळी आली की करवत स्वतःकडे ओढायची. समोरच्याची पाळी आली की हात सैल सोडायचा. माणसाला हे कठीण जाते. समोरचा दमला असेल, त्याला जरा मदत करावी, म्हणून तो आपल्या बाजूने ढकलतो. पाते पातळ असते. ढकलले की ते कमरेत वाकते. भल्या मनाच्या माणसांनी माझे जेवढे नुकसान केले, तेवढे गाठीच्या लाकडानेही केले नाही.

मावशी आणि भाऊंनी मला कधी ढकलले नाही. काम चालू असताना ते बोलत नसत. बोलणे माझेच चाले, आणि लोक म्हणत, करवत गाते आहे. उद्यानातली माणसे जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम ऐकायला येत. अधीक्षकांनी एकदा पाहुण्यांना सांगितले होते की या जोडीकडे बघा, उद्यानाचे आणि मंडळाचे नाते असेच असायला हवे. मावशी त्यावर म्हणाल्या होत्या, म्हणजे अधूनमधून तुम्हीही ओढणार का साहेब?

मग निधीसंस्थेने मंडळाला मोटारकरवती दिल्या. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. ज्या कामाला आम्हाला दिवस लागे ते त्या चहा होईपर्यंत करत. मला फक्त विणीच्या दिवसांत बाहेर काढू लागले, कारण त्या दिवसांत ओढ्यापलीकडे गरुड अंडी घालतात आणि यंत्राचा आवाज झाला तर घरटे सोडून जातात. उरलेले वर्ष मी तेल लावून खोक्यात पडून असे.

अशाच एका वर्षी निधीसंस्थेचे देणगीदार उद्यान पाहायला आले. त्यांच्यातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांना जुन्या करवतीसोबत फोटो हवा होता. मावशी त्या दिवशी गाळ्यात होत्या. भाऊंनी मला खोक्यातून काढले, एक मूठ गृहस्थांच्या हाती दिली आणि दुसरी त्यांच्या जावयाच्या. नियम सांगितला. पण फोटोच्या वेळी कोण ऐकतो. सासऱ्यांनी जावयाला दाखवायला जोर लावला, आणि सासऱ्यांना दाखवायला जावयाने त्याहून जास्त. दोघांनीही ढकलले. ताट पडावे तसा आवाज झाला आणि मी मधोमध वाकले. फोटो चांगला आला म्हणतात.

मावशी संध्याकाळी आल्या. त्यांनी मला उचलून एका डोळ्याने पात्याची रेघ पाहिली. भाऊ म्हणाले की माणसे चांगली होती, त्यांना नाही कसे म्हणायचे. त्यावर मावशी जे बोलल्या ते सगळ्या मंडळासमोर बोलल्या.

“जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलीत भाऊ. स्वतःचं डोकं वापरायची वेळच आली नाही तुमच्यावर.”

भाऊंनी मला फडक्यात गुंडाळले. त्यांनी मला घरी नेले. थंडीभर ते माझ्यावर चित्र काढत बसले, कारण त्यांना धार लावता येत नव्हती आणि चित्र येत होते. मग ते मला माहिती केंद्राला देऊन आले. सगळ्यांना आवडले. मावशींनी मला भिंतीवर पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, म्हातारीला नटवून उभी केलीत, आता स्थळ बघा हिला. सगळे हसले. भाऊ दारातच उभे होते. ते आत आले नाहीत, आणि त्यानंतर मंडळातही आले नाहीत.

मित्रांनो, यानंतरची वर्षे कौतुकाची होती. माझ्याखाली एक पाटी लागली. माझ्यासमोर फोटो निघाले. धूळ दर आठवड्याला पुसली जाई. माझा वाक मात्र कोणी काढला नाही, कारण भिंतीवर तो दिसत नसे. मावशी भाऊंच्या येण्याची वाट पाहत होत्या. भाऊ मावशींच्या बोलावण्याची. दोघेही मूठ सैल सोडून बसले होते आणि ओढत कोणीच नव्हते.

आता झाडाकडे येते.

सोमवारी दुपारी माहिती केंद्रात मावशी आल्या. त्यांच्यासोबत उद्यानाची वनरक्षक होती. तिला सगळे गार्डताई म्हणतात. तिने परिस्थिती थोडक्यात सांगितली. झाड ओढ्यात आडवे आहे. वरून वाहून येणारा पालापाचोळा आणि फांद्या त्याला अडकू लागल्या आहेत. त्याचा बांध होतो आहे. डोंगरावर मोठा पाऊस झाला तर बांध फुटेल आणि पाण्याचा लोंढा पूल घेऊन जाईल. बुधवारी दुपारनंतर पावसाचा अंदाज आहे.

पूल का महत्त्वाचा, ते मावशींना सांगावे लागले नाही. ओढ्यापलीकडे राखणझोपडी आहे. विणीचे दिवस संपेपर्यंत राखणगटाच्या दोघीजणी तिथे राहून घरट्यावर पहारा देतात. त्यांचे सामान त्याच पुलावरून जाते. एका वर्षी राखण नव्हती, तेव्हा अंडी चोरीला गेली, आणि गरुड पुढे दोन हंगाम तिथे फिरकले नाहीत. पूल गेला तर राखण उठवावी लागणार होती. शिवाय त्या दोघींपैकी एक मावशींची भाची होती. तिला राखणगटात मावशींनीच घातले होते.

“मोटारकरवत?” मावशींनी विचारले.

“अंडी आहेत मावशी घरट्यात. अधीक्षक नाही म्हणाले. आणि ते हो म्हणाले असते तरी मी नाही म्हटलं असतं.”

“तुमची माणसं?”

“सगळी मोठ्या रस्त्यावर. तिथेही झाडं पडलीत. आणि दोन मुठींची करवत चालवणारं आमच्यात कोण उरलंय?”

मावशींनी वर पाहिले. मी खाली पाहत होतेच.

“उतरवा हिला.”

केंद्रातला चौकीदार स्टूल घेऊन आला, पण उतरवण्याआधी त्याने विचारले की पाहुणे येतात, आता भिंतीवर काय दाखवायचे. मावशी म्हणाल्या, खिळा आहे ना, तो दाखव.

गाळ्यात नेऊन मावशींनी मला ऐरणीवर घेतले. एका हाताने रेघ चाचपायची आणि दुसऱ्या हाताने हलकी हातोडी मारायची, असे करत त्यांनी माझा वाक काढला. पूर्ण निघाला नाही. मग रंगाचा प्रश्न आला. रंगामुळे पाते जाड होते आणि जाड पाते लाकडात धरले जाते, म्हणजे चित्र घालवण्याला पर्याय नव्हता. मावशींनी रॉकेलचा बोळा आणि खरवडणी घेतली. आधी डोंगर गेला. मग झोपडी. हरणाला त्यांनी दोन हातांत संपवले, आणि मला वाटते त्यात त्यांना थोडे समाधानही मिळाले.

पायवाटेशी त्या थांबल्या. डोळ्याला भिंग लावले. वाटेच्या वळणावर भाऊंनी दोन माणसे काढली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. भिंतीवर असताना ती कोणालाच दिसली नाहीत. समोरासमोर बसलेली, मधे एक बारीक चंदेरी रेघ. एकाच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

मावशी बराच वेळ भिंग लावून होत्या. बोळातून कात्री न्यायला एक शिंपी आला, त्याला त्यांनी उद्या ये म्हणून सांगितले. मग त्यांनी ती दोन माणसेही खरवडली. सगळ्यात शेवटी, पण खरवडली. त्यानंतर कानस घेतली आणि माझ्या दातांना धार लावायला बसल्या.

मंगळवारी सकाळी माझी चाचणी झाली. मंडळाच्या आवारात एक जुना ओंडका होता. दुसऱ्या मुठीवर मंडळातला बेकरीवाला बसला. दिवसभर कणीक मळून त्याचे दंड भक्कम झालेले, स्वभाव लोण्यासारखा. पाचव्या-सहाव्या ओढीतच त्याने मला ढकलले. मावशींनी थांबवले. पुन्हा सुरू केले. त्याने पुन्हा ढकलले.

“मावशी, तुम्हाला त्रास नको म्हणून जरा लावला जोर,” तो म्हणाला.

“तोच त्रास आहे रे बाबा.”

त्यांनी मला फडक्यात गुंडाळले, खांद्यावर घेतले आणि काही न सांगता निघाल्या. बेकरीवाल्याने कुठे म्हणून विचारले नाही. मंडळात सगळ्यांना ठाऊक होते की आता एकच पत्ता उरला आहे.

भाऊ दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद आहे. मला प्रत्येक वळणावर तिरके करावे लागले आणि एका भिंतीचा पोपडा माझ्यामुळे गेला. दार भाऊंच्या पत्नीने उघडले. मंडळात त्यांना सगळे वहिनी म्हणतात.

“आलात? मला वाटलं पत्ता विसरलात,” वहिनी म्हणाल्या. “घरात पोस्टमन असून कोणी सांगायलाही गेला नाही.”

भाऊ खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर एका पेल्यात रंगाचे पाणी होते. मावशींनी मला जमिनीवर ठेवून फडके सोडले. भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पात्याकडे पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते पोलाद होते.

“खरवडलं,” मावशी म्हणाल्या.

“खरवडावंच लागलं असणार.”

“चांगलं होतं. हरीण सोडून.”

“हरणाची मान चुकली, ते मलाही माहीत आहे.”

वहिनी आत गेल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या.

“वाटेवरची दोघं बघितली मी,” मावशी म्हणाल्या. “आणि मी ते पत्रांचं बोलले होते ना भाऊ, ते बोलायला नको होतं. लोकांसमोर तर नकोच.”

भाऊंनी कुंचला पाण्यात बुडवला, बोटांनी पिळला, पुन्हा बुडवला. कुंचला स्वच्छ झाला तरी ते धूत होते.

“उद्या किती वाजता निघायचं?” ते म्हणाले.

वहिनींनी चहाचे आधण ठेवले. आतून त्यांचा आवाज आला की दोन वर्षांत घरात इतके रंग साठले आहेत की त्यांना चालायला जागा नाही, आणि माणूस बाहेर पडणार असेल तर बरेच आहे.

बुधवारी सकाळी आम्ही ओढ्यावर होतो. मावशी, भाऊ, गार्डताई, दोर घेऊन मंडळाची माणसे आणि त्यांत बेकरीवाला. मावशींनी झाडावर दोन खुणा केल्या. दोन्ही ठिकाणी कापायचे, मधला ओंडका दोरांनी बांधायचा आणि पाणी चढायच्या आत काठावर ओढून घ्यायचा, असे ठरले. ओंडका सुटून पुलावर जाता कामा नये. पलीकडच्या काठावर भाची उभी होती. तिने खुणा केलेली एक काठी पाण्यात रोवली होती आणि पाणी कुठवर आहे ते ती हाताच्या बोटांनी इकडे दाखवत होती.

पहिला काप चांगला गेला. दोन वर्षांनी दोघे समोरासमोर बसले होते, आणि पहिल्या काही ओढी अडखळत झाल्या. मग भाऊंचा ठेका लागला. मी गायला लागले, असे लोक म्हणाले. भुशाचा दोरा पाण्यात पडून वाहत गेला. गार्डताईने दोनदा वर घरट्याकडे दुर्बीण लावली. पक्षी हलला नव्हता.

दुसऱ्या कापाच्या वेळी डोंगरावर पाऊस सुरू झाला. आमच्याकडे थेंबही नव्हता, पण पाण्याचा रंग बदलला. भाचीची बोटे वाढली. खालून चढणाऱ्या पाण्याने झाड किंचित उचलले जाऊ लागले आणि कापलेली फट वरून मिटू लागली. अशा वेळी फटीत पाचर ठोकतात, म्हणजे ती उघडी राहते. भाऊंनी एक ठोकली. दुसरी ठोकताना ती निसटली आणि पाण्याबरोबर गेली.

पलीकडून भाची ओरडली की पाणी एकदम चढले. मावशींनी तिच्याकडे पाहिले. पाळी भाऊंची होती. भाऊ ओढत होते, पण फट मिटत असल्याने हळू ओढत होते. आणि मावशींनी ढकलले.

मला ते त्यांच्या हातावरून आधीच कळले. ज्या हाताने कधी ढकलले नव्हते तो हात घट्ट झाला, आणि सगळे बळ माझ्या कमरेत आले. मी वाकले. फट मिटली. मी लाकडात बसले ती बसलेच.

“सोडा,” भाऊ म्हणाले. “मावशी, सोडा.”

मावशींनी मूठ सोडली. त्या ओंडक्यावर तशाच बसून राहिल्या.

“मी ढकललं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी, भाऊ.”

“हो. पोर पलीकडे आहे. कोणीही ढकललं असतं.”

भाऊंनी दुसरे काही म्हटले नाही. म्हणता आले असते. त्यांच्याजवळ म्हणण्यासारखे बरेच होते, आणि मंडळ पुन्हा सगळे समोर उभे होते. मावशींनी रुमालाने तोंड पुसले.

“आता रंगवा हिला,” त्या म्हणाल्या.

“आधी काढू तर.”

गार्डताईने सगळ्यांना झाडावरून उतरायला सांगितले. मावशी म्हणाल्या की थोडेच राहिले आहे. गार्डताई म्हणाली की थोडेच राहिले आहे म्हणूनच उतरा, आता झाड केव्हाही फिरेल. मावशींनी तोंड उघडले होते. मग ते मिटून घेऊन त्या खाली उतरल्या. उद्यानात शेवटचा शब्द उद्यानाचा असतो. मंडळाने तेवढ्यापुरता हात सैल करायचा असतो.

पुलाचे काय होईल ते सांगता येत नव्हते, म्हणून गार्डताईने पलीकडच्या दोघींना विचारले की आत्ताच या बाजूला येता का. येणार असतील तर लगेच, नाहीतर पाणी उतरेपर्यंत तिकडेच. दोघींनी आपापसांत काही बोलून घेतले. मग भाचीने हात हलवला. त्या थांबणार होत्या. आठवड्याचे सामान होते.

“तुझ्या आईला काय सांगू मी?” मावशी ओरडल्या.

“सांग, पाखरं बसलीत म्हणून मीपण बसले.”

मावशी भाऊंकडे वळल्या. त्यांना हळूच म्हणाल्या की ही जीभ आपल्याकडूनच गेली आहे तिच्याकडे.

माझ्या दोन्ही मुठी काढून घेतल्या गेल्या, म्हणजे झाड फिरले तर त्या तुटू नयेत. गार्डताई काठावरच्या कड्यावर पुलाकडे लक्ष ठेवून थांबली. बाकीचे उद्यानाच्या फाटकाजवळच्या कोठीकडे पाचरी आणि ओंडका उचलायचा लोखंडी जॅक आणायला गेले. भाऊ पुढे, मावशी मागे. मावशींच्या हातात माझी एक मूठ होती, भाऊंच्या हातात दुसरी.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी उपदेश करायचा असतो. माझ्याकडे थोडकाच आहे. एखादी वस्तू किंवा जागा तुम्हाला फार आवडली, तर तिला लगेच भिंतीवर टांगू नका. तिचे काम विचारा. उद्यानाला मदत करायला जरूर जा. त्याला हात लागतातच, आणि सरकारचे कधीच पुरत नाहीत. पण गेल्यावर आधी समोर कोण बसले आहे ते पाहा. त्याची पाळी असेल तेव्हा हात सैल सोडा. आपली पाळी आली की मात्र ओढा, कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. आणि कोणाच्या हातून चूक झाली, तर भाऊंनी केले तेवढेच करा.

आता बुधवारी दुपारी तीन वाजताची स्थिती सांगते. पहिला काप पूर्ण. दुसरा निम्म्याहून पुढे. मी कापात अडकलेली आहे. किती वाकले आहे, ते बाहेर आल्यावर कळेल. पूल उभा आहे. मादी अंड्यांवर बसलेली आहे, असे भाचीने गार्डताईला शेवटचे ओरडून सांगितले. कोठीकडे गेलेली माणसे अजून परतलेली नाहीत. पाणी काठीवरच्या चौथ्या खुणेशी आहे, आणि ते चढते आहे की उतरते आहे, हे एवढ्यात सांगता येत नाही.